एका गाथेचा राहिलेला अर्थ

सुमन, उद्या तुझ्या मागचा विधी, पुण्यानुमोदन, आणि आज सकाळी सकाळी माझं मिलिंदशी वाजलं. तू असतीस तर आधी त्याच्यापुढे चहा ठेवला असतास आणि मग मला आत बोलावून म्हणाली असतीस, "अहो, पोरासारखा आहे तो, जरा दमानं घ्या." मी दमानं घेणार नाही. वरंध घाटातून एस.टी.ची लाल गाडी चालवताना जन्मभर दमानंच घेतलं, तेवढं पुरे झालं.

वाजलं ते तुझ्यावरूनच. मिलिंद आपला बौद्धाचार्य; बारसं, लग्न, मयत, सगळं त्याच्या हातून होतं. तो म्हणाला, "काका, वंदना होईल, गाथा होतील, दोघं-तिघं आदरांजली वाहतील की जेवण. मध्ये अर्थबिर्थ नको. मुंबईची माणसं आलेली असणार, त्यांना परतीच्या गाड्या धरायच्या असतात." मी म्हटलं, अर्थ होणार. मयताच्या गाथेचा तर होणारच, आणि तो मी सांगणार. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. बघणारच ना! भर मांडवात बायकोला ‘बाई, पुरे कर आता तुझा अर्थ’ म्हणून ओरडणारा माणूस मी. महाडपासून पोलादपूरपर्यंत सगळ्या वाड्यांना ठाऊक आहे ते.

एक गोष्ट मी मिलिंदला सांगितली नाही. त्या गाथेचा अर्थ परवापर्यंत मलाच माहीत नव्हता. जन्मभर पाली शिकलेल्या बाईचा नवरा मी, आणि घरात असलेला अर्थ मी कधी घेतलाच नाही. तू दिला नाहीस असं नाही. मीच नको म्हणालो होतो, आणि तू शब्द पाळलास.

सुरुवात कुठून झाली ते आठवतं? आपल्या सुजाताचं बारसं. विहार कसला तेव्हा, पत्र्याची शेड होती. त्या वेळचे बौद्धाचार्य म्हातारे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी पुस्तिकेची दोन-चार पानं एकदम उलटली आणि पाळण्यासमोर उभं राहून मयताची गाथा म्हणून मोकळे झाले. आपण सगळ्यांनी हात जोडून त्यांच्यामागून म्हटली. कुणाला काही खटकलं नाही. आपल्यात सगळे विधी पालीतच, पाठ सगळ्यांना, कळत कुणालाच नाही. पेढे वाटले, फोटो काढले, आणि माझी आई म्हणाली, "किती गोड म्हटलं गो बाबांनी!"

पुढे काही महिन्यांनी पलीकडच्या आळीत कोणीतरी गेलं, तिथं तीच गाथा ऐकलीस आणि घरी आलीस ती लालबुंद होऊन. "माझ्या पोरीच्या पाळण्यापुढं मयताची गाथा! आणि मी हात जोडून म्हटली! मी, मास्तरीण!" मी तुझी समजूत काढायला गेलो. म्हटलं, मलाही ती तेव्हा ओळखीची वाटली होती, पण गाथा म्हटली की सगळ्याच ओळखीच्या वाटतात. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. पोरीला काही झालं नाही. ती ठणठणीत आहे, पनवेलला राहते आणि मी मीठ जास्त खातो म्हणून फोनवर माझ्यावर ओरडते. पण तू त्याच महिन्यात पोस्टाने पालीची पुस्तकं मागवलीस.

मला वाटलं होतं, दिवाळीपर्यंत उतरेल हे खूळ. कसलं उतरतंय! तुझी शाळा वरंधला आणि माझी गाडी भोरची. इंजिनाच्या बाजूची आडवी सीट तुझी ठरलेली. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून तू क्रियापदं पाठ करायचीस. एकदा आमचा कंडक्टर मला हळूच विचारतो, "बाई तुम्हाला शिव्या देतायत काय हो?" मी म्हटलं, देत असेल, मला कुठं कळतंय! बाहेरून परीक्षेला बसलीस, नापास झालीस, परत बसलीस. पावसाळ्यात वर्षावासाला भिक्खू यायचे, त्या भंतेंना प्रश्न विचारून विचारून हैराण केलंस. एका भंतेंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "उपासक, बाई रोज येणार आहेत काय?" हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगतो, कारण आता तू भांडू शकत नाहीस, आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतंय.

शिकलीस ते सांगायची तुला भारी घाई. उमरठच्या बाजूच्या वाडीतलं ते लग्न घे. नवरा-नवरी घामाने डबडबलेली, आणि तू मंगल गाथेचा अर्थ सांगायला उभी. काय ते मराठी! ग्रहण करणे, विरत राहणे, समाचरण. मागून नवऱ्याचा मामा ओरडला, "बाई, हे मराठी पण पालीच वाटतंय! डाळ गार झाली ओ!" सगळा मांडव हसला. मीही हसलो, आणि ‘पुरे कर’ तेव्हाच ओरडलो. परतीच्या वाटेवर पोलादपूर येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस. तुझ्या कपाळावर तेव्हा जी आठी पडली ती पुढे किती वर्षं राहिली! कुणी उच्चार चुकवला की आठी. कुणी गाथेच्या मध्ये खोकलं तरी आठी. लोक तुला मान द्यायचे, पण तू आलीस की चारजणी पदर सावरून गप्प बसायच्या. हे तुलाही कळत होतं, म्हणून तर तू आणखी अभ्यास करायचीस. तुला वाटायचं, अजून आपल्याला नीट येत नाही, म्हणून लोकांना पोचत नाही.

आपला वाद तेव्हापासूनचा. मी म्हणायचो, अर्थ कशाला लागतो? माणूस गेलेलं असतं, घर रडत असतं, तेवढ्यात सगळे मिळून एका सुरात म्हणतात, त्या आवाजानेच धीर येतो. गाडीचं इंजिन कसं चालतं ते प्रवाशाला कुठं माहीत असतं? गाडी पोचली की झालं. त्यावर तू म्हणालीस, "इंजिन नका सांगू प्रवाशाला. पण गाडी जाते कुठं, एवढं तरी पाटीवर लिहाल की नाही?" याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. सुचलं असतं तर तुला तेव्हाच ऐकवलं असतं, एवढा काही मी मोठ्या मनाचा नाही.

मग माझी आई गेली. तिला बाहेर काढताना सगळ्यांनी गाथा म्हटली आणि मी त्या आवाजाला धरून उभा होतो. दुसरं धरायला काही नव्हतंच. संध्याकाळी तू माझ्याजवळ येऊन बसलीस आणि म्हणालीस, "त्या गाथेत काय आहे सांगू? बरं वाटेल तुम्हाला." मी तुझा हात धरला आणि म्हटलं, नको. बाकी सगळ्या जगाला सगळे अर्थ सांग, एवढ्या एका गाथेचा मला सांगू नकोस. मला भीती वाटली होती गं. अर्थ कळला आणि तो साधाच निघाला, तर मी पुढे कशाला धरून उभा राहणार? तू वाद घालशील असं वाटलं होतं. तू एवढंच म्हणालीस, "बरं. तुम्ही विचाराल तेव्हा."

आणि मी विचारलं नाही. याची मी माफीबिफी मागत नाही हं. त्या दिवशी मला ते तसंच हवं होतं आणि तू ते तसंच ठेवलंस. ज्या बाईने मांडवात मामाचं ऐकलं नाही तिने माझं ऐकलं, आणि तेही शेवटपर्यंत. यासाठी मी तुझा ऋणी आहे.

पुराच्या वर्षी तू बदललीस. सावित्रीचं पाणी घरात शिरलं, आपण माळ्यावर चढून बसलो, आणि उतरून बघतो तर तुझी सगळी पुस्तकं चिखलात फुगून बसलेली. मला वाटलं, आता ही अंथरूण धरणार. तू थोडे दिवस एकेक पान उन्हात वाळत घातलंस. मग एका सकाळी सगळं उचलून बाजूला केलंस आणि म्हणालीस, "जाऊ दे. डोक्यात राहिलंय तेवढं आपलं." परत एकही पुस्तक मागवलं नाहीस. मीच दोनदा विचारलं, मागवू काय? तर म्हणे, "राहू द्या ओ, गुडघ्याचं तेल आणा त्यापेक्षा."

त्या गुडघ्यांसाठीच तर सवला जाणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्यात बसा. मी तुला स्कूटरवरून तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर सोडायचो आणि बाहेर दगडावर पेपर वाचत बसायचो. आत बायकांचा कलकलाट. गुडघे, सुना, वालाचा भाव, कुणाचा मुलगा मुंबईला कुणाबरोबर राहतो, सगळं. एक दिवस अनुसयेचा आवाज आला. अनुसया म्हणजे बौद्धवाडीतली, भातलावणीला जाऊन जाऊन कंबर गेलेली. ती म्हणाली, "बाई, आमी जलमभर पंचशील म्हनतो, पन म्हनतो काय गो?" मी पेपर खाली केला. म्हटलं, झालं, आता ग्रहण आणि विरत सुरू होणार, बायका पाण्याबाहेर पळणार.

आणि तू काय म्हणालीस? "आपुन म्हनतो, कुनाचा जीव घेनार नाय. दिलं नाय ते उचलनार नाय. एवढंच गो." अनुसया म्हणाली, "एवढंच?" तू म्हणालीस, "एवढंच. करून दाव बघू." आत हशा पिकला. त्यात सगळ्यात मोठ्याने हसत होतीस ती तू. पोलादपूरच्या डोंगरातलं तुझ्या माहेरचं बोलणं, हाय आणि नाय, शाळेत लागल्यावर पेटीत घातलेलंस, ते मी कित्येक वर्षांनी ऐकलं. तू शिकवत नव्हतीस. गळ्यापर्यंत पाण्यात बसून गप्पा मारत होतीस. त्या दिवसापासून दर गुरुवारी बायका तुझी वाट बघायला लागल्या आणि तुझ्या कपाळावरची आठी गेली ती गेलीच. एखादी काही चुकीचं म्हणाली तर म्हणायचीस, "असूं दे, चालतंय." हे तू म्हणतेस यावर माझा विश्वासच बसेना! पोरीला फोन करून सांगितलं मी, तुझी आई निवांत झालीय, एकदा येऊन बघून जा.

ती निवांत वर्षं थोडी मिळाली. आणखी मिळायला हवी होती. याच्यावर मला कुणाचा काही अर्थ ऐकायचा नाही.

तुला नेलं त्या दिवशीचं सांगतो. माणसं पुष्कळ होती, सवच्या बायका सगळ्या आल्या होत्या. मिलिंदने गाथा सुरू केली, सगळ्यांनी उचलली. मी आईच्या वेळेसारखा आवाज धरायला गेलो. आणि सुमन, तो हाताला लागेना. समोर अनुसया म्हणत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज कापत नव्हता. तिच्या बाजूच्या दोघी-तिघींचंही तसंच. त्या नुसतं म्हणत नव्हत्या, तुला काहीतरी सांगत होत्या. तुझ्यासाठी काय म्हटलं जातंय ते त्या सगळ्यांना कळत होतं आणि तुझ्या नवऱ्याला कळत नव्हतं. परक्या गावच्या मयताला आल्यासारखा मी तिथं उभा होतो.

मग ठरवलं. परवा गुरुवार होता. स्कूटर काढली आणि सवला गेलो. बायका बाहेर येईपर्यंत त्याच दगडावर बसलो. अनुसया ओले केस झटकत आली, मला बघून थबकली. मी म्हटलं, अनुसये, एक विचारायचंय. मयताची गाथा. बाई तुम्हाला काय सांगायची?

ती पायरीवर बसली. म्हणाली, "भावजी, आमी वाटच बघत होतो. बाई बोलल्या होत्या, आमचे हे एक दिवस इचारतील. मी असले तर मी सांगेन, नायतर तुमी सांगा. पन त्यांनी इचारल्याबिगर सांगू नका." म्हणजे बघ! अख्ख्या कुंडाला माहीत, आणि मला नाही! मला राग आला, हसू आलं, आणि मग मी तिथेच बायकांसमोर रडलो. त्यांनी रडू दिलं.

मग तिने सांगितलं. "जमून येतं ते समदं इस्कटतं. यायचं नि जायचं, त्याचा सोभावच हाय तो. आलेलं जातं. आनि ही सगळी घालमेल निवली, की तेच सुख." मी विचारलं, बस? ती म्हणाली, "बस. आमी बाईंना इचारलं होतं, मग रडायचं नाय काय? तर बोलल्या, रडायचं की गो. रडनं पन येतंय नि जातंय."

तर अर्थ साधाच निघाला, सुमन. ज्याची मला भीती होती तेच. पण मी काही कोसळलो नाही. स्कूटरवरून घरी येताना दासगावपर्यंत ते चार शब्द तोंडात घोळवत आलो आणि घरी येऊन भाकरी खाल्ली. आणि मग ठरवलं, हे उद्या विहारात म्हटलं जाईल. तुझ्या पोथीतल्या मराठीत नाही आणि माझ्याही नाही, सवच्या पाण्यातल्या मराठीत. मिलिंद जाईल तिकडे जाऊ दे. मुंबईच्या माणसांना गाडी चुकली तर मी स्वतः चालवून नेतो.

*

वरचं सगळं काल लिहिलं. आता रविवारची संध्याकाळ आहे, मांडव सोडताहेत.

मिलिंद सकाळी आला. मी पांढरा सदरा घालून पुढे बसलो आणि त्याला फक्त एवढंच सांगितलं, गाथा संपली की मी उठणार, तू मला बसवायचं नाहीस. तो म्हणाला, "काका, तुम्हाला कोण बसवतंय!" वंदना झाली. पंचशील झालं. मग तुझ्या फोटोपुढे ती गाथा झाली. मिलिंद थांबला आणि बाजूला सरकला. त्याने माईक माझ्याकडे दिला, पण मी तो घेतला नाही. घाटात कंडक्टरला हाका मारलेला गळा आहे माझा.

मी म्हटलं, आत्ता आपण जे म्हटलं ते माझ्या बायकोला कळत होतं आणि मला कळत नव्हतं. आता कळलंय, तर सांगतो. जमून येतं ते सगळं विस्कटतं. मागे पातेली वाजत होती ती थांबली. यायचं आणि जायचं हा त्याचा स्वभावच आहे. पोर रडत होतं एक, त्याच्या आईने त्याला उचलून घेतलं. आलेलं जातं. इथपर्यंत माझा आवाज नीट होता.

पुढचं तोंडातून येईना. पाठ होतं, विसरलो नव्हतो. पण सुख हा शब्द तुझ्या फोटोसमोर उभं राहून माझ्याने म्हणवेना. सुजाता उठायला लागली, तिला अनुसयेने हाताला धरून खाली बसवलं. पुढचा शब्द सगळ्या बायकांना ठाऊक होता. एकीनेही सुचवला नाही.

शेवटी मी म्हटलं, "ही सगळी घालमेल निवली की तेच सुख, असं बाई सांगायची. शिकून शिकून तिला ते कळलं होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. मला अजून कळलेलं नाही. मला ती हवी आहे. पण गुरुवारी सवला जाणार आहे, परत विचारणार आहे, कळेपर्यंत विचारत राहणार आहे." आणि हात जोडले.

विधी संपला की सगळ्यांनी मिळून तीनदा साधु म्हणायचं, पटलं, चांगलं झालं, अशा अर्थानं. विहार भरून आवाज आला, तीनदा. मी एकदाच साधु म्हटलं, सुमन. उरलेले दोन, कळल्यावर म्हणेन.